जुन्या कोर्टातला तिसरा पुकारा

भुतांच्या गोष्टी रंगल्या की मी भज्यांचं ताट स्वतःकडे ओढणाऱ्यातली. बाकीचे डोळे विस्फारून ऐकत बसतात आणि मी एकटी खात बसते! अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी सोळा वर्षं क्वालिटी कंट्रोल बघते. कुणी म्हणालं "अमुक झालं", की माझा पहिला प्रश्न असतो — कुठे लिहून ठेवलंय? किती वाजता? सोबत कोण होतं? नवरा म्हणतो, तुझ्यासमोर भूत आलं तर तू त्याच्याकडे सॅम्पल मागशील.

त्यामुळे या सदरात माझं पत्र बघून माझ्या मैत्रिणी हसणार आहेत. हसू देत. मला हे कधी एकदा सांगते असं झालंय, आणि गंमत म्हणजे यावेळी कुठे लिहून ठेवलंय, किती वाजता, सोबत कोण होतं — तिन्हीची उत्तरं माझ्याकडे आहेत. नाही ते फक्त स्पष्टीकरण.

गोष्ट माझ्या सासूबाईंची. त्यांना मी आई म्हणते. वय सत्तरच्या आसपास, हाडं मजबूत, जीभ त्याहून मजबूत. आम्ही बदलापूर पूर्वेला राहतो. आईंचं माहेर म्हणजे अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं एक आगरी गाव. आता तिथे चारी बाजूंनी टॉवर आहेत आणि मध्ये गावठाणातली चाळीस-पन्नास घरं, पण हळदी अजून सगळ्या गावाला ऐकू जातील अशाच होतात.

अशाच एका हळदीत हे सुरू झालं. आईंच्या चुलतभावाच्या नातवाची हळद होती. पंगत बसली होती, आईंच्या ताटात नुकतं मटण वाढलं होतं. बोलता बोलता गावठाणातल्या जुन्या घराचा विषय निघाला. ते घर पाडून नवीन बांधायचं चाललंय आणि त्यासाठी वारसांची नावं गोळा करत होते. आई सहज म्हणाल्या, "माजा पन नाव घाला. माजे बापाचा पन घर हाय ता." त्यावर चुलतभाऊ — प्यायलेला होता म्हणा, पण प्यायलेलाच माणूस मनातलं बोलतो — सगळ्यांसमोर म्हणाला, "तुजा कसला नाव? तुजी आय काकाची लगनाची बायको होती का? ठेवलेली होती ती."

आई भरल्या ताटावरून उठल्या. हात धुतले, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "चल." घरी आल्यावर बोलल्या, त्या एवढंच — "मना जागा नको. मना कागद पायजे."

कुठला कागद? तर आई पाच-सहा वर्षांच्या असताना त्यांचे वडील वारले. त्यांच्या विधवा आईला दिराने घराबाहेर काढलं आणि हेच म्हणाला, लग्नाची नव्हे. त्या बाईने कोर्टात केस टाकली... आणि जिंकली! आईंना त्यातलं फार आठवत नव्हतं. लांब पडवी, लाकडाचा बाक आणि लाल पट्टा लावलेला एक माणूस. त्याने यांना लिमलेटची गोळी दिली होती. आणि ज्या दिवशी निकाल लागला, त्या दिवशी त्यांच्या आईने अख्ख्या आळीत गूळ-खोबरं वाटलं होतं. पुढे दोन-तीन वर्षांत ती बाई तापाने गेली. आईंना शेजारच्या एका बाईने वाढवलं. कागद कुठे गेला, कुणाला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होतं ती माणसं आता नाहीत.

म्हणजे साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा एक निकाल शोधायचा. साल माहीत नाही, नंबर माहीत नाही. वकिलाने सांगितलं, बघा मिळाला तर, त्या काळातलं त्या भागाचं जुनं रेकॉर्ड अजून उल्हासनगरच्या जुन्या कोर्टात पडलंय.

उल्हासनगर ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. हे मूळचं मिलिटरीचं कॅम्प. लढाई संपली, फाळणी झाली आणि त्या बराकींमध्ये सिंधी लोक येऊन राहिले. त्या बराकींची आता चार-चार मजली घरं आणि दुकानं झालीत. पण कॅम्प नंबर दोन या भागातल्या बाजारामागे, सोफ्याच्या आणि परकर-ब्लाऊजच्या गल्ल्या ओलांडून गेलं की एक बराक अजून जशीच्या तशी उभी आहे. लांबलचक, कौलारू, समोर सबंध लांबीची पडवी. बाहेर चिंचेचं झाड. तेच जुनं कोर्ट. न्यायदानाचं काम दोन वर्षांपूर्वी नव्या इमारतीत गेलं. इथे उरलं फक्त रेकॉर्ड, पडवीच्या डाव्या टोकाला. उजव्या टोकाला जुनी कोर्टरूम, तिला कुलूप. हे डावं-उजवं लक्षात ठेवा.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला ती इमारत इतकी आवडली की मी फोटोच काढत सुटले! दरवाजावर मिलिटरीच्या वेळचा बराकीचा नंबर अजून पुसट दिसतो. पडवीत शिसवी रंगाचे बाक, बसून बसून मध्ये खोलगट झालेले. आईंनी एका बाकावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हाच. याच कोर्टान आलेली मी." मी म्हटलं, आई, सगळी कोर्टं सारखीच असतात. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

रेकॉर्ड सांभाळणारे कारकून, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. पन्नाशीचे, नाकावर रुमाल बांधून धुळीत काम करणारे, अत्यंत सज्जन. त्यांनी आम्हाला पद्धत समजावली. प्रत्येक वर्षाची एक सूची असते. तिच्यात दावा लावणाऱ्याच्या, म्हणजे वादीच्या, पहिल्या नावाच्या अक्षराखाली नोंद. वादीचं नाव माहीत असेल तर साल नसलं तरी चालतं, सूच्या चाळता येतात. "वादीचं नाव?"

"यमुनाबाई काळू भोईर," मी आईंच्या आईचं नाव सांगितलं.

त्यांनी दहा वर्षांच्या सूच्यांमध्ये 'य' बघितला. यशोदा होत्या, यशवंत होते, यमुना एकही नाही. दुसऱ्या खेपेला मी हट्टाने 'भ' बघायला लावला, कुणी आडनाव आधी लिहिलं असेल म्हणून. मग 'ब', कारण आईंचं लग्नाआधीचं नाव बारकी, आणि त्यांच्या आईने मुलीच्या नावाने दावा लावला असेल तर? काही नाही. प्रतिवादीवरून शोधा म्हटलं तर सूचीत प्रतिवादी लिहीतच नाहीत, आणि गठ्ठे उघडून बघायचे तर सहा महिने लागतील.

सहा महिने कुठले... तिसऱ्या खेपेला, बुधवारी, आम्ही गेलो तर पडवीत गठ्ठे बांधून ठेवलेले. भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, शुक्रवारी ट्रक येतोय. सगळं रेकॉर्ड ठाण्याला जाणार. तिथे लागायला, नंबर पडायला... मी खोटं नाही सांगत, वर्ष-दोन वर्षं तरी कुणाला काही मिळणार नाही."

आई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "दोन वर्सा?" मला त्यांच्या मनातलं स्पष्ट ऐकू आलं. सत्तरीत दोन वर्षं ही काही छोटी गोष्ट नसते. आपल्या आईला ठेवलेली म्हटलेलं ऐकून, ते तसंच पदरात घेऊन जायचं का, हा प्रश्न होता. मला रडू यायला लागलं आणि मला रडू आलं की मी भांडते. मी भाऊसाहेबांना म्हटलं, परत बघा. 'य' परत बघा. ते बिचारे परत पहिली सूची उघडून बसले. म्हणाले, "तासभर लागेल. बाहेर बसा. तेवढ्यात माझा डबाही होईल."

आता इथून पुढचं मी माझ्या वहीत बघून लिहितेय.

माझ्याकडे एक छोटी वही असते. लॅबची सवय, काहीही झालं की वेळ टाकून लिहायचं. या कोर्टाच्या खेपांचंही मी लिहीत होते, कोण काय म्हणालं, कुठली सूची बघितली, सगळं. दुपारचे साडेबारा. उन्हाने कौलं तापलेली. पडवीत आम्ही दोघीच. आई हात-तोंड धुवायला मागच्या नळावर गेल्या. तो नळ इमारतीच्या मागे आहे, तिथे पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही, आणि आईंना तसंही कमीच ऐकू येतं. मी बाकावर बसून फोनवर शिफ्टचे मेसेज बघत होते.

आणि उजव्या टोकाकडून पुकारा झाला.

पुकारा म्हणजे काय ते मला माहीत होतं. कोर्टाचा शिपाई दारात येऊन पक्षकाराचं नाव घेऊन ओरडतो, तो. पुरुषाचा आवाज. भारदस्त, सवयीचा, जरासा कंटाळलेला, आणि नावाचं शेवटचं अक्षर लांबवलेलं —

"चांगुणा जोमा म्हात्रेऽऽ हाजिर है?"

मी मानही वर केली नाही. दुसऱ्यांदा तेच. मग बराच वेळ काहीच नाही, मला वाटलं संपलं. आणि मग तिसऱ्यांदा, आधीपेक्षा मऊ आवाजात — "चांगुणा जोमा म्हात्रे... बाय, पोरीला घे नि आत ये."

मला भीती वगैरे काही वाटली नाही हो! खरं सांगायचं तर मला राग आला. म्हटलं, वा, आम्ही दहा वाजल्यापासून बसलोय आणि मध्येच कुणी चांगुणाबाई येऊन नंबर लावून गेल्या? मी वही काढली. वहीतली नोंद जशीच्या तशी अशी आहे: '१२.४०. पुकारा. चांगुणा जोमा म्हात्रे. ३ वेळा. "पोरीला घे नि आत ये." आमच्या आधी नंबर कसा? विचारणे.'

आणि मी तरातरा विचारायला गेले.

भाऊसाहेब एका हाताने डबा खात, दुसऱ्या हाताने सूची चाळत होते. मी म्हटलं, "भाऊसाहेब, या चांगुणाबाई कोण? आमच्या आधी त्यांना कसं बोलावलं?"

"कोण?"

"चांगुणा जोमा म्हात्रे. आत्ता पुकारा झाला की!"

त्यांचा घास हातातच राहिला. "मॅडम, इथे कसला पुकारा? शिपाई सगळे नव्या कोर्टात. आज तुमच्याशिवाय कुणाचा अर्ज नाहीये. माझ्याशिवाय इमारतीत माणूस नाही."

"अहो, मी बहिरी आहे का? तीन वेळा झाला. त्या बाजूने."

"त्या बाजूला कुलूप आहे."

आमची ही बाचाबाची चालू असताना आई पदराला तोंड पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. माझा आवाज चढलेला, म्हणून त्यांनाही ऐकू गेला. त्या म्हणाल्या, "जोमा म्हात्रे? तो तं माजा आजा."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"माजे आयचा बाप. आय सारखी बोलायची, जोमा म्हात्र्याची लेक हाय मी, कोनाला भिनार नाय." मग माझ्याकडे बघून, "तुना कोनी सांगला?"

मला कोण सांगणार? एकोणीस वर्षांत या घरात मी ते नाव ऐकलं नव्हतं. मी हळूच विचारलं, "आई... आणि चांगुणा?"

"चांगुना कोन ता मना नाय म्हाईत," आई म्हणाल्या. "जोम्याला एकच लेक होती. माजी आय."

मंडळी, मला ते क्षणभर कळलंच नाही. भाऊसाहेबांना आधी कळलं. त्यांनी डबा बाजूला सारला, हात रुमालाला पुसला आणि 'य'ची पानं सोडून उलटे मागे गेले. 'च'. पहिल्या सूचीत नाही. दुसरी. नाही. तिसऱ्या सूचीत त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी ती ओळ वाचली ती अगदी हळू, आणि मी खांद्यावरून वाकून बघत होते म्हणून शपथेवर सांगते, शाई पिंगट झालेल्या अक्षरात तिथे लिहिलं होतं: चांगुणा बाप जोमा म्हात्रे.

मी किंचाळले! खरंच किंचाळले. बाहेर चिंचेवरचे कावळे उडाले.

चूक किती साधी होती बघा. आणि ती आपल्याकडेच होऊ शकते. लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरा त्यात बोटाने किंवा अंगठीने नवीन नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात. चांगुणाची अशीच यमुना झाली असणार. सासरी सगळ्यांनी तिला यमुनाच म्हटलं, मुलीने आय म्हटलं, शेजाऱ्यांनी काळूची बायको म्हटलं. माहेरी हाक मारायला कुणी उरलं नव्हतं. पण दीर म्हणत होता की लग्न झालंच नाही — म्हणून वकिलाने दावा लावला तो तिच्या बापाच्या घरच्या नावाने. आणि आम्ही तीन खेपा तिला तांदळातल्या नावाने शोधत बसलो. पोटच्या लेकीला आईचं नाव माहीत नव्हतं आणि त्यात काही विचित्र आहे असं आम्हाला कुणालाही वाटलं नव्हतं. मलासुद्धा!

गठ्ठा सापडायला अजून दीड तास लागला. तोवर मला चैन पडेना. मी बाहेर चिंचेखाली गेले. तिथे एक टायपिंगवाले सिंधी अंकल बसतात, कोर्ट गेलं तरी त्यांनी जागा सोडली नाही. त्यांचे वडीलही तिथेच बसायचे. मी विचारलं, "अंकल, आत्ता कोणी ओरडलं का पडवीत? नाव घेऊन?"

"नहीं बेटा. किसने चिल्लाया? तू चिल्लायी, वो सुना मैंने."

"पुकारा झाला, अंकल. तीन वेळा."

ते हसले. "पुकारा? आता नव्या कोर्टात पण पुकारा नाय होत, स्क्रीनवर नंबर येतो." मग सहज विचारल्यासारखं, "तीन बार? एकदम लगातार?"

"नाही. दोनदा लगेच, मग बराच वेळ थांबून तिसरा."

अंकलनी चष्मा काढला. "तुला ते कोणी सांगितलं? वो पुराना तरीका था. चायवाला तिकडे नाक्यावर बसायचा, लोग वहाँ बैठते थे. म्हणून तिसऱ्याच्या आधी थांबायचं. तिसऱ्यापर्यंत माणूस आला नाय तर दावा खारिज, खतम. मेरे पिताजी बताते थे, एक पट्टेवाला था, तो बाई-माणूस असली की तिसऱ्याला जास्त थांबायचा. बच्चा लेके कैसे भागेगी, बोलता था." त्यांनी चष्मा परत घातला. "मी त्याला बघितलेलं नाय. माझ्या पहिले गेला तो."

मी उजव्या टोकाला जाऊन ते कुलूप स्वतः ओढून बघितलं. गंजलेलं. दारासमोर धुळीचा थर आणि त्यावर माझ्या चपलांचे ठसे. दुसरे कुठलेही नाहीत. फोटो काढलाय, आहे माझ्याकडे.

मग भाऊसाहेबांनी हाक मारली.

पिवळ्या पडलेल्या कागदांची एक बारीकशी फाईल, लाल दोरीने बांधलेली. वरती रोजनामा, म्हणजे कोर्टात रोज काय झालं त्याची नोंद. भाऊसाहेब वाचत होते आणि आई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. एका तारखेखाली लिहिलं होतं, 'पुकारा केला असता वादी अज्ञान मुलीसह हजर.' अज्ञान म्हणजे वयात न आलेली.

"ती मी," आई म्हणाल्या. "मना बाकावर नीज लागलेली. आय मना उठवीत होती आनि मी उठत नवती. तो पट्टेवाला बोलला, बाय, पोरीला घे नि आत ये..."

मी वही उघडून त्यांच्यासमोर धरली. आईंना वाचता येतं, सावकाश. त्यांनी ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. त्यांनी ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. त्या म्हणाल्या, त्यांना स्वतःलाही आत्ताच आठवली.

आणि मग निकाल. सगळा नाही लिहीत, एकच वाक्य लिहिते. 'वादी ही मयत काळू याची कायदेशीर लग्नाची बायको असल्याचे शाबीत झाले आहे.' खाली वादीच्या नावासमोर अंगठा. चांगुणा ऊर्फ यमुना कोम काळू भोईर. कोम म्हणजे अमक्याची बायको. तो अंगठा एवढासा होता! माझ्या करंगळीएवढा. ती बाई तेव्हा फार तर चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. आई म्हणाल्या, "किती बारकी होती गं माजी आय." आणि त्यांनी आपला सत्तर वर्षांचा अंगठा त्या अंगठ्यावर ठेवला. भाऊसाहेबांनी खरं तर हात लावू द्यायला नको होता. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, सही-शिक्क्याची नक्कल हातात पडली. शुक्रवारी ट्रक आला.

रविवारी आम्ही माहेरच्या गावी गेलो. आई अंगणात उभ्या राहिल्या, पायरी चढल्या नाहीत. चुलतभाऊ बाहेर आला. आजूबाजूची चार माणसं जमली. आईंनी मला सांगितलं, "वाच. मोठ्यान वाच." मी वाचलं. ते वाक्य त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. चुलतभाऊ खाली बघत उभा होता. त्याची बायको तांब्याभांडं घेऊन आली आणि म्हणाली, "आत या ना वन्सं, बाहेर कया उभ्या?" तेव्हा आई पायरी चढल्या. घराचं काय व्हायचं ते होईल, वारसांत नाव लागेल, त्याचं आईंना काही नाही. त्या दिवशी आई त्याच घरात दोन घास जेवल्या.

आता स्पष्टीकरण. मी प्रयत्न केले नाहीत असं समजू नका. ते नाव आधी कुठे वाचलं असेन? सूचीतला 'च' त्याआधी कुणी उघडलाच नव्हता. भाऊसाहेबांनी गंमत केली? त्यांच्या तोंडात घास होता आणि ते माझ्या डावीकडे होते, आवाज उजवीकडून आला. आईच नकळत ते पुटपुटल्या, लहानपणी कानावर पडलेलं नाव मनाच्या तळाशी राहिलं असेल? हे मला सगळ्यात पटण्यासारखं वाटतं, पण आई तेव्हा नळावर होत्या आणि तो आवाज पुरुषाचा होता. माझ्या नवऱ्याने सोफ्याच्या दुकानातला लाऊडस्पीकरही सुचवून झाला. लाऊडस्पीकरवर सेल ओरडतात, आजेसासूचं नाव नाही. माझ्या धंद्यात, कारण सापडलं नाही तर रिपोर्टवर तसं स्पष्ट लिहावं लागतं. म्हणून लिहिते: कारण सापडलं नाही.

पण एक राहिलं. गावाहून परतताना आम्ही रिक्षात होतो. बदलापूर जवळ आलं तेव्हा आईंनी एकदम विचारलं, "तुजा नाव काय होता गं? लगनाच्या आधी?"

माझं नाव स्नेहल. म्हणजे एकोणीस वर्षांपासून स्नेहल. ते आईंनीच सुचवलं होतं आणि नवऱ्याने तांदळात लिहिलं होतं, मला आवडलंही होतं. मी म्हटलं, "वैशाली." स्वतःच्या तोंडून ते नाव ऐकून मलाच कसंसं झालं. माझे आई-बाबा गेल्यापासून त्या नावाने मला कुणी हाक मारली नव्हती.

आई रिक्षावाल्याला वळण दाखवायला लागल्या. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आत चहा झाला होता. आईंनी हाक मारली, "वैशाली!" मी ऐकून न ऐकल्यासारखी उभी राहिले. परत, "वैशाली!" माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

मग त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या. आणि तिसऱ्यांदा मऊ आवाजात म्हणाल्या, "वैशाली... ये गं आत."

मी म्हटलं, "आले, आई."